आईच्या वाक्यातली रिकामी जागा

आमच्या घरात कुणीच आपलं वाक्य एकट्यानं पूर्ण करत नाही. बाबा नुसता "अगं, ती ही कुठं" म्हणतो आणि मी त्याच्या हातात पक्कड ठेवते. मी "उद्या शाळेत" एवढं म्हणेपर्यंत आई सांगते, निळी रिबीन दोरीवर वाळत घातलीय. पाहुण्यांना वाटतं आमची भांडणं चाललीत. भांडणं नाहीत. एक ताट तिघांत वाटून खावं तसं आम्ही एक वाक्य तिघांत वाटून बोलतो, इतकंच.

त्यात सगळ्यात तयारीची आई. हर्षदा थोरवत, कुस्तीची निवेदिका. पलूसपासून पार विट्यापर्यंत कुठलीही जत्रा असू दे, कुस्तीचं मैदान म्हटलं की लाल माती, हलगी आणि माझ्या आईचा आवाज. पैलवान मातीत उतरायच्या आत त्याचं गाव, तालीम, वस्ताद, गेल्या वर्षी त्यानं कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, सगळं तिच्या तोंडून धो धो वाहतं. बाई माईकवर नको म्हणणारे पुढारी आता तिच्या तारखा मिळवायला बाबाच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात चहा पीत बसतात.

मी शिवांजली, नववीत आहे. सहावीपर्यंत मी हजेरीलासुद्धा नीट "उपस्थित" म्हणत नव्हते, आणि यंदा जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. आईनंच शिकवलं. श्वास पोटातून घ्यायचा आणि शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरीला उठवायचं. आता आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात की शिवांजलीच्या हातातला माईक चिमट्यानं ओढून काढावा लागतो. मला ते कौतुकच वाटतं.

तर अशा घरात बोलणं मोजणारं यंत्र आलं.

आईला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस. मी पाचवीत असताना एक दिवस तिला उजव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसायला लागलं, मग पायाला मुंग्या, मग मिरजेला तपासण्या. हा आजार काय असतो ते मला बाबाच्या दुकानात कळलं. मोटरच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि प्रत्येक तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो थर गेला की मोटर गरम होते, अडखळते, कधीतरी जळते. मेंदूतल्या मज्जातंतूंवरही असंच आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून ते आवरण कुरतडतात. आवरण गेलेला तंतू काही दिवस ओढत राहतो, आणि एक दिवस आतली तारच तुटते.

तार तुटली की तिच्या आतल्या प्रथिनाचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. न्यूरोफिलामेंट त्याचं नाव. पूर्वी ते शोधायला मोठी प्रयोगशाळा लागायची. आता महिन्यातून एकदा आई बोटाला टोचून पट्टीवर थेंब ठेवते आणि आकडा थेट डॉक्टरांकडे जातो. पण तो आकडा फक्त एवढंच सांगतो, की आत काहीतरी तुटतंय. चालणं बिघडेल, नजर की विचार करणं, ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा असतो. तो म्हणजे कानातली कुडी. दिसायला अगदी मोत्याची, आत यंत्र. विचाराचा वेग मंदावतो तेव्हा माणूस आधी काही विसरत नाही, त्याला फक्त वेळ लागतो. समोरच्याचं बोलणं संपल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, नेमका शब्द सापडायच्या आधीची थबक. माणसाला ती जाणवतही नाही, पण कुडी ती धरते. काय बोललात ते ती साठवत नाही. शब्द टाकून देते आणि शब्दांमधल्या रिकाम्या जागा तेवढ्या ठेवते. आई तिला चहाडखोर म्हणायची.

मकरसंक्रांतीनंतर आम्ही तिघं मिरजेला डॉ. मुबीना बागवान यांच्याकडे गेलो. त्या आईपेक्षा वयानं थोड्या मोठ्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. रक्ताची रेषा सहा महिने वर चढत होती. कुडीची रेषा मात्र ताणून बांधलेल्या सुतळीसारखी सरळ. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, की असं त्यांनी फार कमी पाहिलंय. कदाचित रोजच्या निवेदनामुळं हर्षदाताईंचा मेंदू इतका तयार असेल, की नुकसान होऊनही तो दुसऱ्या वाटेनं काम भागवत असेल.

मग त्यांनी नव्या उपचाराचं सांगितलं. त्यात एक औषध मेंदूतल्या झोपलेल्या पेशींना जागं करतं आणि त्या तंतूंवर नवीन आवरण चढवतात. पण थर चढायला आत तार शाबूत पाहिजे, तुटलेल्या तारेवर चढवून काय उपयोग. म्हणजे उशीर झाला की संधी गेली. आणि घाईही करता येत नाही, कारण औषध देताना शरीराची सगळी राखण काही महिने बंद ठेवावी लागते, साधा ताप जिवावर बेतू शकतो. म्हणून नियम असा, की रक्त आणि बोलणं, दोन्ही साक्षीदारांनी एकच सांगितलं तरच सुरुवात करायची. चैत्राच्या जत्रा झाल्या की परत या, तोवर कुडी काढू नका, असं म्हणून त्यांनी आम्हाला पाठवलं.

येताना बाबानं स्टँडजवळ जिलेबी घेतली. बोलणं सरळ रेषेत आहे म्हटल्यावर आम्हाला मोठा विजयच वाटला. मी रस्ताभर बडबडत होते. आईनं जिलेबी हातात धरली आणि खाल्ली नाही.

चूक माझ्या लक्षात आली ती मैदानात.

सुट्टी असली की मी आईशेजारी व्यासपीठावर बसते. मागच्या बाजूला भूपालमामा आवळे हलगी घेऊन उभे असतात. आई आणि ते बारा गावच्या मातीत एकत्र फिरलेत, सख्ख्या भावाबहिणीसारखे. हलगीची एक रीत असते. पैलवान एकमेकांना भिडले, डाव पडायची वेळ आली की हलगी कडाडते आणि निवेदक थांबतो. बाकीच्या वेळी निवेदक बोलतो आणि हलगी थांबते. लहानपणापासून माझ्या कानात ते बसलंय. आणि त्या दुपारी हलगी चुकीच्या जागी वाजत होती. पैलवान नुसते हात झाडत गोल फिरत होते, भिडले नव्हते, आणि हलगी कडाडली. परत थोड्या वेळानं तेच. मी आईकडे पाहिलं. तिचं डाव्या हाताचं बोट माईकखाली हळूच वर गेलेलं होतं. ओठ अर्धवट उघडे. हलगी थांबली तेव्हा शब्द सापडलेला होता.

घरी जाताना टेम्पोत मी भूपालमामांच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं. ते हलगीला ऊब द्यावी तसे तिच्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाईनं बोट वर केलं की मी वाजिवतो. दिवाळीपासनं. का, ते मी इचारलं न्हाई."

कुडी गोंगाटात ऐकत नाही. आजूबाजूला मोठा आवाज असला की तो तुकडा ती मोजणीतून टाकून देते. म्हणजे आईची प्रत्येक थबक हलगीखाली झाकली जात होती. मला वाटलं, एवढंच असेल. घरी आलो, जेवायला बसलो. आई बाबाला म्हणाली, "जरा ते" आणि बाबानं मीठ पुढं सरकवलं. ती म्हणाली, "शिवा, उद्या त्या" आणि माझ्या तोंडून गेलं, "मगदूम वस्तादांना फोन करायचाय, माहितीय." ती मान हलवून जेवायला लागली.

माझा घास तोंडातच राहिला. आमच्या घरात आईच्या वाक्यात रिकामी जागा उरतच नव्हती. आम्हीच ती भरत होतो, प्रेमानं, पटापट, शर्यत लावल्यासारखं. कुडी बिचारी काय मोजणार. डॉक्टरांना दिसलेली ती सरळ रेषा आईची नव्हतीच. ती मी, बाबा आणि भूपालमामा, आम्ही तिघांनी मिळून ओढली होती.

मी ताटावरच सगळं बोलून टाकलं. बाबा आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. आई मात्र जेवत राहिली. तिला माहीत होतं. मी म्हटलं की उद्याच डॉक्टरांना फोन करू. ती म्हणाली की फोननं काय होणार, त्यांना मोजमाप लागतं, आणि मोजमाप घ्यायचं तर तिला मैदानात, हजारो माणसांसमोर गप्प राहावं लागेल.

"मग राहा ना," मी म्हटलं.

"शिवा, मैदानात निवेदक गप्प बसला की लोक त्याच्याकडं बघत नाहीत. दुसऱ्या निवेदकाकडं बघतात."

दुसरा निवेदक म्हणजे यंत्र. बोरजाईवाडीच्या जत्रा कमिटीचा नवा अध्यक्ष, विक्रांत, गेल्या वर्षी ते घेऊन आला होता. कॅमेऱ्यातून कुस्ती बघून ते आपोआप बोलायचं. सगळी नावं बरोबर, सगळे डाव बरोबर. लोक कंटाळून भेळ खायला उठले म्हणून आईला परत बोलावलं. पण यंदाही ते व्यासपीठावर जोडून ठेवणार, असं त्यानं सांगितलं होतं. बाई अडखळल्या तर असावं म्हणून. यंत्र कधी अडखळत नाही ना.

"मला तुझा माईक नकोय, तू पाहिजेस," मी म्हटलं. वक्तृत्वाला टाळ्या मिळवतील अशी वाक्यं मला शंभर येतात, पण हे म्हणताना आवाज पार फुटला.

आईनं ताट सरकवलं. उठून हात धुतले.

मग मी ठरवलं, की मैदान तिचं, पण घर माझंही आहे. दुसऱ्या दिवसापासून मी आईची वाक्यं पूर्ण करणं बंद केलं. वाचायला सोपं वाटेल. करून बघा. ती "ते वरच्या फळीवरचं" म्हणून थांबली, की माझ्या जिभेवर "पोह्यांचं डबडं" असं नाचायला लागायचं की मी दोन्ही हातांनी तोंड धरायचे. बाबाची तर फारच पंचाईत. तो आई बोलायला लागली की भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबायचा. एकदा ठसका लागला आणि आईला वाक्य सोडून त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. मी म्हटलं, बाबा, तू पाणी पीत जा. तर तो म्हणाला, आठवडाभर पाणीच पितोय, पोट तळ्यासारखं झालंय.

आई चिडायची. तुम्हाला येतंय तर सांगा ना, उगीच माझ्या तोंडाकडं काय बघता, असं एकदा फार तोडून बोलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी नाही सांगितलं. ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "कोथिंबीर." परत म्हणाली, "कोथिंबीर आणायला विसरले, एवढंच सांगायचं होतं."

आणि ती हसायला लागली. बाबानं तोंडातलं पाणी गिळलं आणि तोही हसला. मला काय झालं माहीत नाही, पण कोथिंबीर या शब्दासाठी मी टाळ्या वाजवल्या.

बोरजाईवाडीच्या मैदानाच्या दिवशी सकाळी आई साडी नेसत होती. मी मागून निऱ्या धरल्या. तिनं आरशात कुडी नीट केली आणि म्हणाली, की आज भूपालमामांशी तिला बोलायचंय. व्यासपीठावर चढताना मी ते ऐकलं. "मामा, आज माझ्या बोटावर वाजवायचं नाही. पैलवानांवर वाजवा." भूपालमामांनी फक्त मान डोलावली आणि हलगीचा पट्टा खांद्यावर घेतला.

मैदान गच्च भरलेलं. वर कॅमेऱ्यांचे ड्रोन घिरट्या घालत होते. व्यासपीठाच्या कोपऱ्यात विक्रांत मांडीवर टॅब घेऊन बसलेला, यंत्राचं बटण त्याच्या बोटाखाली. आईनं सुरुवात केली आणि मी सगळं विसरले, इतकी ती सुरेख बोलत होती. दुपारच्या कुस्त्यांत दोनतीनदा थबकली. मला कळलं, भूपालमामांना कळलं, गर्दीला कळलं नाही. कुडीला नक्की कळलं असणार, कारण हलगी गप्प होती.

मग शेवटची, एक नंबरची कुस्ती. निखिल खोत आणि समीर पटवेगार. बराच वेळ कुणी कुणाला दाद देईना. अचानक समीर खाली वाकून आत शिरला, त्यानं निखिलच्या मांडीत हात घालून त्याला खांद्यावर उचललं आणि फिरवून पाठीवर टाकलं. हलगी कडाडली. मैदान उठून उभं राहिलं. हलगी थांबली आणि सगळे आईच्या आवाजाची वाट बघायला लागले.

"आणि समीर पटवेगारनं," आई म्हणाली, "निखिल खोतला चितपट केलं," ती म्हणाली, "डावावर..."

कलाजंग. मी रांगत होते तेव्हापासून मला माहीत असलेला शब्द. कलाजंग, कलाजंग, कलाजंग. माझ्या दातांना तो आतून धडका मारत होता. आईचं डावं बोट वर गेलं. भूपालमामांनी काड्या घट्ट धरल्या आणि मान खाली घातली. आईनं ते स्वतःच मिटून घेतलं. मैदानात कधी ऐकली नाही अशी शांतता पडली. ड्रोनची घरघर ऐकू येत होती. माणसं माना वळवायला लागली. विक्रांतचं बोट बटणाजवळ सरकलं. मी माझ्या दोन्ही हातांवर बसले, खरंच सांगते, हातांवर बसले.

आईनं माईक तोंडाजवळ घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "शब्द वाटेत आहे."

पुढच्या रांगेतून मगदूम वस्ताद उठले. पांढऱ्या मिशांचे, आईला पहिल्यांदा माईक देणारे तेच. त्यांनी फेटा सावरला आणि भरड्या आवाजात म्हणाले, "येऊ दे की बाई सावकाश. आम्हाला कुठं गाडी गाठायचीय?"

सगळं मैदान हसलं आणि परत गप्प झालं. पण ही शांतता वेगळी होती. पाहुणा उंबऱ्याशी आलाय आणि सगळ्यांनी सरकून त्याला वाट दिलीय, तशी. विक्रांतनं बोट मागं घेतलं.

"कलाजंग," आई म्हणाली. मग पोटातून श्वास घेऊन, शेवटच्या रांगेपर्यंत, "कलाजंग डावावर."

टाळ्या कुणासाठी होत्या, समीरसाठी की आईसाठी, ते मला अजून कळलेलं नाही. भूपालमामा वाजवत होते आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

मिरजेला डॉ. बागवान यांनी पडदा आमच्याकडे वळवला. कुडीची रेषा आता सुतळीसारखी सरळ नव्हती. घरातले आठवडे आणि मैदानातला तो दिवस मिळून रेषा वर चढली होती, रक्ताच्या रेषेच्या जोडीनं. त्या गंभीरपणे समजावत होत्या, की विचाराचा वेग खरोखर मंदावतोय, पण आत्ता सुरुवातीलाच सापडलाय, बऱ्याच तारा अजून शाबूत आहेत. आणि मी खुर्चीत आनंदानं उसळत होते. इतकी वाईट बातमी इतक्या हौसेनं ऐकायला आलेलं कुटुंब त्यांनी पाहिलं नसेल. मी त्यांना हलगीचं सगळं सांगितलं. त्या आधी थक्क झाल्या, मग म्हणाल्या की बोलकी घरं आणि वाजंत्री, दोन्ही गोष्टी आता त्या प्रत्येक पेशंटला विचारणार.

नंतर त्या आईच्या समोर येऊन बसल्या. या उपचारानं गेलेलं सगळं परत येईल असं वचन देता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आहे ते टिकावं, हा खरा हेतू. त्याच्या बदल्यात पुढचा पूर्ण हंगाम गर्दीत जाता येणार नाही. मैदान नाही, जत्रा नाही, माईक नाही.

"तरी सुरू करायचं, हर्षदाताई?"



आई खिडकीकडे बघत होती. बाहेर कुणीतरी हातगाडीवर कलिंगडं रचत होतं. बाबानं तोंड उघडलं आणि मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, जोरात. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं, मग पाण्याची बाटली उचलून तोंडाला लावली. मला सगळी उत्तरं येत होती. हो म्हण, हे येत होतं. मी माईक सांभाळते, हेही येत होतं, आणि ते तर फारच येत होतं. मी जीभ दातांखाली धरली. डॉक्टरही थांबल्या होत्या. कानातला मोती शांतपणे चमकत होता, त्याचं काम करत होता. किती वेळ गेला ते त्याला माहीत. आम्ही कुणी मोजत नव्हतो.

"सुरू करा," आई म्हणाली. आम्ही अजूनही गप्प राहिलो, कारण तिचा श्वास संपलेला नव्हता. "पण विक्रांतला कळवा, एक हंगाम गेला की बोरजाईवाडीचं मैदान मी घेणार आहे, आणि लोकांना माझ्या शब्दांची वाट बघावी लागणार आहे."

पूर्ण वाक्य. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिचं एकटीचं.